कोनाड्यातली वही

माझ्या थोरल्या पुतणीला जाऊन आता दोन महिने होतील. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून रोज बसतो, चार ओळी लिहितो आणि उठतो. माणूस गेल्यावर जे लिहायचं असतं ते मला जमत नाही. मला एका वहीबद्दल लिहायचं आहे. ती मी तिच्यासाठी शिवली होती आणि मीच ती तिच्यापासून तोडली.

आमचं गाव चारठाण्यापासून तीन मैल आत. गावातली शाळा चौथीपर्यंत, पुढची चारठाण्याला, तीही पायी. थोरलीचा डावा पाय पोलिओनं बारीक राहिला होता, तिला रोजचं तेवढं चालणं झेपणारं नव्हतं. धाकटी धडधाकट होती, पण वाटेला जोडीदारीण नाही म्हणून चौथीनंतर तीही घरी बसली. मी सेलूच्या हायस्कुलात मास्तर होतो आणि शनिवारी एसटीनं घरी यायचो. नामांतरावरून मराठवाडा पेटला त्या वर्षी शाळा बंद झाल्या, गाड्या बंद झाल्या आणि मी काही आठवडे गावातच अडकलो. गावाबाहेरच्या वस्तीतली माणसं दारं लावून बसली होती. आमच्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं, मीही बोललो नाही. पोरींना घेऊन शिकवायला बसलो.

दोघी घडाघडा वाचायच्या, पण पुस्तक मिटलं की सगळं मिटायचं. काय वाचलं विचारलं तर गुन्हा केल्यासारख्या माना खाली. मला वाटलं, परीक्षेसारखं विचारतो म्हणून असं होतं. तेव्हा वाचनाच्या वह्या करायचं डोक्यात आलं.

वर्षअखेरीस मुलं वह्या टाकून देत, त्यांतली कोरी पानं मी काढून ठेवलेली होती. पुठ्ठा साड्यांच्या खोक्याचा. दाभणानं पाच भोकं पाडायची, दोरा दोनदा ओवायचा, वरून लग्नपत्रिका कोरी बाजू बाहेर करून चिकटवायच्या. खळ गव्हाच्या पिठाची, तीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. थोरली दोरा ताणून धरायची. पाच भोकं कशाला, तीनात भागतंय की, असं तिचं म्हणणं होतं. मी ऐकलं नाही.

दोघींच्या वह्या सारख्या नव्हत्या. धाकटीला खाण्याची आवड, म्हणून तिच्या पानावर मी आखून दिलं होतं: या गोष्टीत कोण काय जेवलं? भूक लागली का? तिनं एका राजाबद्दल लिहिलं होतं की हा पूर्ण पुस्तकभर उपाशी आहे, याला कुणी विचारत कसं नाही. थोरली भांडकुदळ. तिच्या पानावर एकच चौकट होती, 'माझं भांडण'. पुस्तकातल्या कुणाशीही भांडायचं, लिहिणाऱ्याशीसुद्धा. उजव्या पानावर तिनं लिहायचं, डाव्या पानावर मी उत्तर द्यायचं.

एक ठराव होता. वही मालकिणीची. तिनं दिल्याशिवाय कुणी उघडायची नाही, मीसुद्धा नाही. थोरलीची वही माजघरातल्या कोनाड्यात असायची. मी वाचावं असं वाटलं की ती शनिवारी माझ्या पिशवीवर आणून ठेवायची. नसलं वाटत तर कोनाड्यातच. कितीतरी शनिवार ती कोनाड्यातच असायची आणि मी तिच्याकडं बघत भाकरी खायचो.

दोन-तीन वर्षांत पोरी पुस्तकावर तुटून पडायला लागल्या. शाळेच्या कपाटातली पुस्तकं मी पिशवी भरून न्यायचो, पुढच्या शनिवारी ती परत. चुलीपाशी बसून थोरली एका हातानं भाकरी उलटायची आणि दुसऱ्या हातात पुस्तक. वहिनी म्हणायच्या, "भावजी, पोरगी हातची घालवायलाव तुमी." म्हणायच्या, पण कंदिलाची काच पुसून तिच्यापुढं ठेवायच्या. थोरलीच्या आठ वह्या झाल्या. त्यांतल्या फार तर निम्म्या मी वाचल्या असतील.

थोरली अठराची झाली आणि सोनपेठकडचे पाहुणे तिला बघायला आले. पायाचं आधीच कानावर घातलेलं होतं. वहिनींनी तिला घोळदार पातळ नेसवलं, चहाचा ट्रे मात्र धाकटीच्या हातून पाठवला. मुलाचा चुलता बोलायला पुढं होता. त्यानं नाव विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं, मग शाळेचं. थोरलीनं चौथी सांगितलं. चुलत्यानं बाकीच्यांकडं पाहिलं. ते पाहणं मला सोसलं नाही.

मी उठलो. चौथी असली तरी घरी शिकलेली आहे, शाळेतल्या पोरींना ऐकत नाही, वाचन बघा तिचं, असं काहीसं बोललो आणि कोनाड्याकडं गेलो. थोरलीनं माझ्याकडं पाहिलं. तिनं नको म्हणून मान हलवली, अगदी थोडी. मी ती पाहिली. पुढं मी घरात सगळ्यांना सांगत आलो की माझं लक्ष नव्हतं. लक्ष होतं.

चुलत्यानं वही घेतली, अक्षराचं कौतुक केलं. मग मधलंच पान उघडून मोठ्यानं वाचायला लागला. ते पान मीही पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांचं उष्टं खाऊन सुखी राहणाऱ्या एका सुनेची गोष्ट तिनं वाचली होती आणि चौकटीत लिहिलं होतं: 'ह्या बाईला राग कसा येत नाही? मला चौथ्या पानावरच आला. मी असते तर ताट सरकवून उठले असते.' बैठकीत हशा पिकला. चुलत्यानं वही मिटली आणि माझ्याकडं दिली.

"पोरगी लय हुशार हाय, मास्तर," तो म्हणाला. "पर भांडायला आमच्याकडं माणसं हायत की. आणखी एक कशाला?"

दादा, पोरींचा बाप, तोही हसला. मीही हसलो.

नकार आठ दिवसांनी आला, पायाचं कारण देऊन. थोरली रडली नाही, मला काही म्हणाली नाही. पुढच्या शनिवारी वही माझ्या पिशवीवर होती. मला किती बरं वाटलं ते आठवून आज लाज वाटते. मी वही उघडली. पुस्तकाचं नाव, पात्रं, थोडक्यात गोष्ट. 'माझं भांडण'च्या चौकटीत सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'गोष्ट चांगली आहे. बोध घेण्यासारखी आहे.' त्यानंतर दर शनिवारी वही पिशवीवर आणि दर पानावर तेच. कुणीही वाचावं असं. डाव्या पानावर मला काही सुचेना.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, वालूरला, चांगल्या घरी. वह्या ती माहेरीच ठेवून गेली. मी नंतर पुस्तकं नेऊन दिली तेव्हा म्हणायची, "आता कुठं होतंय वाचणं, काका." मी माफी मागितली नाही. तिच्या भल्यासाठी केलं, असं मी मनाशी घोकत राहिलो. खरं इतकंच आहे की त्या माणसाच्या पाहण्यानं मी दुखावलो होतो आणि माझी कामगिरी मला दाखवायची होती.

विद्यापीठाला नवं नाव मिळालं त्या संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत ती काविळीनं गेली. तेरावं झाल्यावर धाकटी माझ्याकडं सेलूला आली. पाणी प्याली.

"अक्का वाचायची, काका," ती म्हणाली. "शेवटपर्यंत. मीच न्यायची पुस्तकं. तुमाला सांगू नको म्हणायची."

तिनं पिशवीतून एक वही काढली. साड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा, वर कोऱ्या बाजूची लग्नपत्रिका. शिवण तीन भोकांची होती आणि जराही सैल झालेली नव्हती. जवळून मोरचुदाचा हिरवट डाग दिसत होता.

"वाचायची का?" धाकटीनं विचारलं.

वही तिनं माझ्या गुडघ्यापाशी ठेवली होती. मी हात पुढं केला होता, तेवढं मला आठवतं.

"तिनं मला द्यायला सांगितली होती का?"

धाकटीनं खोटं बोलायचा विचार केला असावा. ती दयाळू आहे. मग म्हणाली, "न्हाई."

मी वही उचलून तिच्या पिशवीत परत ठेवली. ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. मी स्टँडपर्यंत पोचवायला गेलो आणि वाटेत पिशवी माझ्याच हातात होती.