लिंबू वर, मोटर बंद

विहिरीतली मोटर चालू होत नसेल, तर दोष नेमका कोठे असतो? हा प्रश्न मी गेल्या दसऱ्यात शास्त्रशुद्ध पद्धतीने सोडवला. उत्तर शेवटी दिले आहे. मधला भाग गाळला तरी चालेल, असे माझ्या पत्नीचे, सुनंदाचे, मत आहे. (तिला तो पाठ आहे. ती तो नातेवाइकांना अभिनयासह सांगते!)

आधी पूर्वपीठिका. म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधील आमच्या घरामागे विहीर आहे आणि विहिरीत सबमर्सिबल मोटर. निवृत्तीपर्यंत मी शाळेत विज्ञान शिकवले. त्यामुळे ती मोटर कोणी तरी हाताने चालू-बंद करते, हे मला अशास्त्रीय वाटे. म्हणून मी स्वयंचलित पेटी बसवून घेतली. गच्चीवरील टाकीत एक फ्लोट, म्हणजे तरंगता गोळा, सोडला. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि मोटर थांबते. टाकी रिकामी झाली की फ्लोट खाली जातो आणि मोटर सुरू होते. हाताने चालवायचे जुने बटण मी त्याच दिवशी काढून टाकले. (मानवी हस्तक्षेप हेच सर्व बिघाडांचे मूळ, असे माझे तेव्हा मत होते.)

मग जेवणाच्या टेबलावर पेल्यात लिंबू तरंगवून मी घरच्यांना सप्रयोग पाठ दिला. सुनंदा पहिल्या वाक्यालाच स्वयंपाकघरात गेली. शेवटपर्यंत हजर राहिली ती एकटी माझी आत्या.

"म्हंजे लिंबू वर, मोटर बंद. लिंबू खाली, मोटर चालू. इष्टेना? एवढंच ना?"

"शाबास, आत्या!" मी म्हणालो. हा शब्द मला पुढे फार महागात पडला.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. खंडेनवमीला त्यांची तलवार आजही पूजेला निघते आणि तिच्याभोवती चालू पिढीची हत्यारे मांडली जातात : सुनंदाचे शिलाई मशीन, विळी, माझा स्क्रूड्रायव्हर. एकदा हळदकुंकू लागले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पूजा होईपर्यंत हत्यारांना विश्रांती. आत्याचा हा नियम घोडेस्वारांपेक्षाही कडक!

गेल्या खंडेनवमीच्या सकाळी स्कूटर धुतली, अंगण धुतले, आणि दुपारी नळ कोरडा पडला. मोटर गप्प.

एरवी मी घाबरलो नसतो. पण दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून लेकीचे सासू-सासरे प्रथमच आमच्याकडे यायचे होते, आणि फोनवर मी त्यांना छातीठोकपणे सांगितले होते, "पाण्याची चिंता नको. आमच्याकडे विहीर आहे आणि विज्ञानही आहे!"

मी नंजुंडाला फोन केला. हा नंजनगूडचा मोटर-मेकॅनिक माझा जुना विद्यार्थी.

"आगल्ला सार, जमणार नाही! पाना, पक्कड, सगळी पूजेला बसलीत. नाळे बरतीनी, उद्या येतो."

माझाही स्क्रूड्रायव्हर तलवारीशेजारी झेंडू लेवून बसला होता. उरले शुद्ध तर्कशास्त्र. मी पेटीसमोर उभा राहून मोठ्याने विचार करू लागलो.

"लाल दिवा लागला आहे. अर्थात वीज आहे."

"माधवा, अरे मोटारीचं काय झालंय ते..." आत्या म्हणाली.

"आत्या, पायरी चुकते! टाकी रिकामी आहे, हे नळाने सिद्ध केले आहे. सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा तपासायला गच्चीवर जाणे म्हणजे वेळेचा अपव्यय. वीज आहे, पाणी हवे आहे, तरी मोटर फिरत नाही. म्हणून मोटर जळाली!"

"जळायला काय झालंय तिला? मी काय म्हणते..."

"प्रश्न शेवटी विचारायचे, आत्या."

आत्या पदर सावरून पुन्हा वाती वळायला बसली.

दसऱ्याच्या सकाळी नंजुंडा कुंकू लावलेले पाने घेऊन आला. मी त्याला निष्कर्ष सांगितला. त्याने लाल दिव्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. "सरी सार. मोटर होगिदे. गेली." (माझ्या वर्गात शंका काढण्याची पद्धत नव्हती.)

दोर बांधून आम्ही मोटर वर ओढली. शेवाळाने माखलेली ती मोटर पाहताच ती गेल्याची सर्वांना खात्री पटली. दसऱ्याच्या मुहूर्तावर खरेदी शुभ, म्हणून लगेच नवी आणली, नारळ फोडला, विहिरीत सोडली. लाल दिवा लागला. आम्ही कान टवकारले.

शांतता.

"नवी पण होगिदे सार," नंजुंडा म्हणाला.

"माधवा, अरे लिंबू..." मागून आत्या.

"आत्या, नारळ फोडला आहे, लिंबाची गरज नाही!"

आता मी तुलनात्मक प्रयोग ठरवला. जुनी मोटर पिंपात बुडवायची, घरातल्या प्लगवरून थेट वीज द्यायची आणि तीही अशीच गप्प राहते का ते पाहायचे. पिंप भरलेलेच होते. पाहुण्यांच्या आंघोळीसाठी सुनंदाने सकाळपासून विहिरीचे पाणी शेंदले होते. नळीचे तोंड मी धरले होते. ते फाटकाकडे होते. पण मेलेल्या मोटरीची नळी कोणत्या दिशेला आहे, याने काय फरक पडतो?

नंजुंडाने बटण दाबले आणि फाटक उघडले, या दोन घटना एकाच वेळी घडल्या.

मेलेली मोटर अशी गरजली की कठड्यावरची कबुतरे उडाली! आंघोळीचे पाणी अगदी योग्य पाहुण्यांपर्यंत पोहोचले. विहीणबाई पैठणीसह नखशिखांत भिजल्या. व्याही चपळ, ते त्यांच्याच मागे लपले.

नंजुंडाने बटण बंद केले. विहीणबाईंनी डोळ्यांवरचे पाणी निपटले.

"माधवराव, आमच्याकडे पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालतात. तुम्ही वरून सुरुवात केलीत!"

कोणी हसावे की नाही, हे कोणालाच कळेना. शेवटी त्याच हसल्या, तेव्हा कोठे मी नळी खाली ठेवली. सुनंदा टॉवेल आणायला धावली. आणि आत्या शांतपणे म्हणाली, "आता विचारू का?"

"विचारा!"

"मोटार विहिरीत. तिला तलवारीशेजारी कशी मांडणार? म्हणून काल तिला तिथंच सुट्टी दिली. तूच शिकवलंस ना? लिंबू वर, मोटर बंद. सांडगे वाळत घालायला वर गेले, तेव्हा टाकीतलं लिंबू दोरीनं वर बांधून ठेवलं. संध्याकाळी बन्नी झाली की सोडणार होते. पाण्याला काय, विहीर आहे की!"

"मग सांगितले का नाही?"

"पायरी चुकत होती, अल्वा? हो की नाही?"

नंजुंडा गच्चीवर धावला. दोरी सुटली, विहिरीत नवी मोटर घुमू लागली, आणि पाहुण्यांची दुसरी आंघोळ तरी न्हाणीघरात झाली. जुनी मोटर माळ्यावर आहे, ठणठणीत.

तर, उत्तर. मोटर चालू होत नसेल, तर दोष बहुधा तिच्यासमोर उभे राहून मोठ्याने विचार करणाऱ्या माणसात असतो. मात्र हे केवळ मी सांगतो म्हणून खरे मानू नये. (नंजुंडाने मानले होते.) कृपया गच्चीवर जावे, टाकीचे झाकण उघडावे आणि स्वतः तपासून पाहावे.