दूधभावाभोवतीची काळी चौकट

छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेल्या बाईंना अख्खी गल्ली भिंगताई म्हणायची. त्यांच्या नजरेतून चूक सुटली असं कधी झालं नाही, निदान बाईंचं तरी तसंच म्हणणं होतं. निवृत्तीनंतर नजर रिकामी बसेना, म्हणून त्यांनी जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहिलेल्या ज्यू आणि अरब घराण्यांची कुळं शोधायला घेतली. जेवणाच्या टेबलावर कायम एक भलामोठा कागद पसरलेला असे आणि बाई न् त्यांचा दादा ताटं मांडीवर घेऊन जेवत. कागदाचा नियम कडक होता: शंका पेन्सिलीत, खात्री शाईत आणि गेलेल्या माणसाच्या नावाभोवती काळी चौकट.

हा सगळा खटाटोप खरं तर एकाच माणसासाठी होता. दादा जन्मला त्याच आठवड्यात शेजारच्या अरब घरातही मुलगा झाला होता. त्याची आई तापाने फणफणली, तेव्हा बाईंच्या आईने दोन्ही पोरांना अंगावर पाजलं, तेही चांगलं वर्षभर. पोरं आठ वर्षांची होईपर्यंत एका ताटात जेवली. मग दिवस फिरले आणि शेजारी गल्ली सोडून गेले. बाई तेव्हा पाळण्यात होत्या. आता दादाने ऐंशी ओलांडली होती आणि त्याचं एकच पालुपद होतं, "तो आहे की नाही, तेवढं सांग मला."

गेल्या वर्षी धागा सापडला. दूरच्या शहरातल्या दुकानांच्या यादीत एका वीजवाल्याची जाहिरात होती. त्याच्या पूर्ण नावातलं आजोबांचं नाव, कुळाचं नाव, सगळं जुळत होतं. म्हणजे हा दूधभावाचा नातू! आणि नाव हुबेहूब आजोबांचंच. बाईंचा चेहरा पडला. त्यांच्या ज्यू घराण्यात जित्या माणसाचं नाव बाळाला कधी ठेवत नसत. ठेवलं तर त्या माणसाचं आयुष्य तुटतं म्हणत. नाव नातवाकडे आलं, म्हणजे आजोबा गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला! बाईंनी शाईने चौकट काढली आणि दादाला सांगून टाकलं.

सख्ख्या भावाच्या सुतकाला बसावं तसा दादा ज्यू रीतीने सात दिवस जमिनीवर बसला. नातवाला फोन करू म्हटलं तर म्हणाला, "कशाला त्या पोराच्या जखमेवरची खपली काढायची?" त्यानंतर त्याने त्या कागदाकडे पाहिलंही नाही.

कोपऱ्यावरचा औषधवाला अरब होता. जुने अरबी दाखले तोच बाईंना वाचून द्यायचा. एकदा दादाच्या गोळ्या घेऊन आला आणि टेबलापाशी थबकला.

"ताई, हे आजोबा कधी गेले?"

"नातवाला त्यांचंच नाव आहे की."

"मग?"

"मग काय मग? माणूस गेल्याशिवाय ठेवतात का?"

औषधवाल्याने गोळ्यांची पिशवी खाली ठेवली. मग खुर्चीत बसून पोट धरून हसला. "अहो ताई, आमच्यात आजोबा चांगले हिंडतेफिरते असताना ठेवतात नातवाला त्यांचं नाव! नाही ठेवलं तर म्हातारे वर्षभर रुसून बसतात. आमच्या घरी एक हाक मारली की दोघं ओ देतात."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जगाच्या चुका काढणाऱ्या बाईंनी दुसऱ्याच्या घरातला माणूस आपल्या घरच्या रीतीने मारून टाकला होता! त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. तरी हळूच म्हणाल्या, "आत दादाला ऐकू जाऊ देऊ नका. आधी खात्री."

औषधवाल्याने तिथल्या तिथे नंबर फिरवला. पलीकडून वीजवाला म्हणाला, "आजोबा ना? हे काय, समोर बसून माझ्या कामात खोड्या काढतायत. देऊ?"

बाईंनी अशी हाक मारली की दादा एका पायात चप्पल घालून धावत आला.

"कोण?" फोनमधून खरखरीत आवाज आला.

"मी रे. भिंतीपलीकडचा."

मग दोन्हीकडून नुसतं नाक ओढल्याचंच ऐकू येत राहिलं. शेवटी दादाला वाचा फुटली. "तुला माझ्या बहिणीने मारलं होतं बघ! सात दिवस जमिनीवर बसलो तुझ्यासाठी, गुडघे अजून दुखतायत."

"तुझ्या बहिणीने?" म्हातारा गरजला. "जिच्या दुधावर मी वाढलो तिची सगळी पोरं माझी भावंडं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आपली बहीण म्हण! आणि दे तिला फोन. भावाला मारतेस काय म्हणून कान उपटतो तिचा."

दादाचा भाऊ शोधता शोधता तो आपलाही भाऊ आहे, हे बाईंच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. फोन कानाला लावून त्या कितीतरी वेळ रडत हसत होत्या.

मग त्यांनी चौकटीवर पांढऱ्या कागदाची पट्टी डकवली. आईच्या नावाखाली आजवर दोनच नावं होती. त्यांच्या आधी तिसरं नाव लिहायला लागल्या, तसा दादा कुरकुरला, "त्याचं पहिलं का?"

"दोन दिवसांनी मोठा आहे तो," बाई म्हणाल्या आणि शाईच्या पेनाचं टोपण काढलं.