इंदूताईंचा शनिवार

इंदूताई गेल्या तेव्हा मी देवळाली कॅम्पात लेकीकडे होते. शेजारच्या वहिनींचा फोन आला, "दुपारी जरा पडते म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत..." मी नाशिकला पोचेपर्यंत त्यांना नेलंही होतं. महिना उलटून गेला, तरी समोरच्या दाराला कुलूप बघायची सवय होत नाही.

मखमलाबाद रस्त्यावर आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, ती मूळची त्यांची. नव्वदच्या दशकापर्यंत तिथे झेंडू आणि शेवंती होती. फुलं तोडून बाजारात न्यायची, यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. त्यांचे यजमान वारले, आजूबाजूला प्लॉट पडत गेले आणि शेवटी जमीन बिल्डरकडे गेली. बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये त्या एकुलत्या एका मुलाला, संजयला घेऊन राहायला आल्या. तो सातपूरला कारखान्यात होता. शिफ्ट संपवून आला की जिन्यातूनच ओरडायचा, "आई, चहा टाक!"

घरं भराभर वाढली, पण नळाला पाणी पुरेना. म्हणून प्रत्येकाच्या गॅलरीत पिंप आणि गच्चीत टाकी. शेजारी आणखी एक इमारत उठत होती, तिथे पत्र्याच्या खोल्यांत बांधकामावरचे मजूर राहायचे. दोन हजारनंतरच्या एका पावसाळ्याच्या अखेरीस संजयला ताप आला. आधी साधाच वाटला, मग डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स उतरत गेल्या, आम्ही रक्तासाठी धावलो... आठवडाभरात तो गेला. त्याचं लग्न ठरलं होतं.

दहावा झाला त्या संध्याकाळी सोसायटीतली पुरुषमंडळी खाली जमली. हा रोग मजुरांनीच आणला, त्यांच्या खोल्या आजच काढा, असा गलका सुरू झाला. एक बाई तर तान्हं मूल कडेवर घेऊन भांडी गोळा करायला लागली होती. इतके दिवस कुणाशी न बोललेल्या इंदूताई जिना उतरून आल्या आणि त्या खोल्यांपुढे उभ्या राहिल्या.

"काल पालिकेची मलेरियावाली माणसं येऊन गेली. बॅटरी मारून दाखवलं त्यांनी. डासाच्या अळ्या माझ्याच पिंपात हायेत. मग मला बी हाकला."

सोसायटीचे अध्यक्ष पुढे होऊन म्हणाले, "ताई, तुम्ही वर चला."

"वर काय हाय आता माझं? यांना हाकलून माझा संजय परत यायचा नाय. आधी आपापली पिंपं बघा."

लोक पांगले. मजूर राहिले.

त्यानंतर दर शनिवारी त्या दारोदार जायच्या. पिंप उपसायला लावायच्या, कडा घासून घ्यायच्या, कोरडं झाल्याशिवाय भरू द्यायच्या नाहीत. लोक कुरकुरायचे, काही जण दारही उघडायचे नाहीत. मग त्या तिथेच पायरीवर बसून राहायच्या. एकदा मी विचारलं, "ताई, कंटाळा नाही येत?"

"घरात बसले की जिन्यात त्याची हाक ऐकू येते गं वसू... त्यापेक्षा हे बरं."

परवाच्या शनिवारी मी गच्चीवर गेले. अध्यक्ष पँट दुमडून टाकीत उतरले होते. आता त्यांचंही वय झालंय. मी म्हटलं, "राहू द्या ना, कुणी तरी करेल."

"झालंच होतं," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले. "पण त्या असत्या तर कोपरे परत घासायला लावले असते."