आधी माझ्या हाताला लावा

मृणालच्या लग्नाला सतरा दिवस उरले होते, तेव्हा वज्रेश्वरीच्या देवळाच्या पायरीवर बसून मी एक नवस बोलले. नवस मी पुष्कळ बोललेय. दहावीच्या निकालाचे, यांच्या बदलीचे, सासूबाईंच्या गुडघ्याचे. पण त्या दिवशी हात जोडून मागितलं ते वेगळंच. म्हणाले, “आई, लेकीचं तोंड पहिल्यासारखं कर. यापुढे कुणाच्याही तोंडाला काही लावायचं झालं, तर ते आधी माझ्या हाताला लागेल. आणि मी एक दिवस थांबेन.”

हा नवस मी आमच्या मंगळवारच्या आरतीत बायकांना सांगितला आणि तिथेच फसले! तेव्हापासून जिने कधी तोंडाला काही फासलंय, ती मला गाठून आपली कथा ऐकवते. भाजीच्या गाडीपाशी, रिक्षाच्या रांगेत, एकदा तर चालू आरतीत, टाळ वाजवता वाजवता. किस्से असे साठत जातात, मसाल्याच्या रिकाम्या बाटल्यांसारखे. कामाचे वाटतात म्हणून टाकवत नाहीत. सगळे सांगत बसत नाही. मृणालच्या लग्नाआधीचे, आमच्या घराभोवतीचे तेवढे सांगते.

*

लग्न ठरलं आणि सगळ्यात आधी कामाला लागली ती शेजारची नंदावहिनी. लग्न माझ्या मुलीचं, पण तजेला हिला हवा होता!

“बाजारातलं काही नको गं सुमन, सगळं केमिकल. घरचं ते घरचं!” असं म्हणत तिने बेसनात अख्खं लिंबू पिळलं, तोंडाला थापलं आणि तशीच गच्चीवर पापड वाळत घालायला गेली. एप्रिलचं ऊन. पापड आणि नंदावहिनी एकदमच वाळले.

तिसऱ्या दिवशी दोन्ही गालांवर तपकिरी डाग! समोरच्या बिल्डिंगमधली प्रज्ञाताई नर्स आहे. ती आरतीला येत नाही, पण आरतीनंतरच्या चहाला हमखास येते. तिने कप खाली ठेवला आणि विचारलं, “वहिनी, लिंबू लावून उन्हात बसला होतात का?”

नंदावहिनी उसळली. “बसले कुठे? चांगली तासभर उभी होते!”

*

घरच्याची ही तऱ्हा बघून मी म्हटलं, विकतचंच आणू. प्रज्ञाताईला घेऊन कामतघरच्या नाक्यावर गेले. दुकानदाराने हिरवी डबी पुढे केली.

“भाभी, आँख बंद करके लगाओ. पूरा नॅचरल. सिर्फ अ‍ॅलोवेरा!”

डबीवर कोरफडीचं हे एवढं चित्र. पण प्रज्ञाताई डोळे बंद करणारी नव्हे. तिने डबीच्या पाठीचा मोबाइलवर फोटो काढला, बोटांनी मोठा केला आणि नावं मोजायला लागली. “यादीत जे जास्त असतं ते आधी लिहितात हं. पाणी. तेल. मेण. हे कसलंसं लांबलचक नाव. सुगंध...” दुकानदार रुमालाने मान पुसायला लागला. “एकोणीस... वीस... सापडली! एकविसावी! सुगंधाच्याही मागे उभी आहे बिचारी.”

दुकानदार म्हणाला, “लेकिन है ना बहनजी? मैंने झूठ तो नहीं बोला!”

परत येताना प्रज्ञाताई मला म्हणाली, “घरचं असो नाहीतर दुकानातलं, आधी वाचायचं. आणि वाचलं तरी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस बघायचं.” मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

*

आमचे हे शाळेत क्लार्क. मुलीच्या लग्नात बापानेही जरा चमकावं, असं यांच्या मनात आलं. गॅलरीत जुन्या रंगाच्या डब्यात कोरफड लावलीय, तिचं एक पान कापलं आणि दाढी झाल्यावर तसंच गळ्यावर घासलं. तिचा तो पिवळा चीकसुद्धा!

शाळेत प्रार्थना सुरू झाली आणि गळ्याला खाज सुटली. सगळी शाळा डोळे मिटून हात जोडून उभी, आणि हे दोन्ही हातांनी गळा ओरबाडतायत. प्रार्थना संपल्यावर हेडमास्तरांनी खांद्यावर हात ठेवला. “एवढं टेन्शन घेऊ नका हो. लग्नं सगळ्यांच्याच मुलींची होतात!”

संध्याकाळी प्रज्ञाताईने समजावलं, कापल्यावर चीक निथळू द्यायचा, साल सोलायची, आतला गर धुऊन घ्यायचा. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे कोरफडीवर कुठे छापलंय? मी पान उलटसुलट करून बघितलं होतं!”

*

वळ गावची पारूमावशी आमच्या कोपऱ्यावर टोपली घेऊन बसते. वेण्या, आंब्याची पानं, ओली हळद, आंबेहळद. मी आंबेहळद हातात घेतली आणि परत ठेवली. म्हटलं, “राहू दे मावशी. देवीच्या ओटीतली हळद आहे घरी. मृणालला तीच लावीन.”

मावशीने वेणीतून मान वर केली. “बाय, खावाची हलद येगली, लावाची येगली न देवाची येगली.”

“अगं मावशी, देवाची म्हणजे सगळ्यात शुद्ध!”

“देव शुद्ध हाय गो,” मावशी म्हणाली. “पुडी कोनी भरली?”

मी हसत हसत घरी आले.

*

इथपर्यंत मलाही हसू येतं. पुढचं हसण्यासारखं नाही.

मृणाल एका गोदामात डिस्पॅचला आहे. दिवसभर धूळ, त्यात शिफ्ट बदलत्या. कपाळावर चार पुटकुळ्या आल्या होत्या, बाकी काही नाही. पण लग्नाला एकोणीस दिवस उरलेले. लिंबू बाद झालं, डबी बाद झाली, कोरफडीचं नाव काढायची सोय नव्हती. उरली माझी श्रद्धा. देवळाच्या वाटेवर घेतलेली, ओटीत वाहिलेली आणि प्रसाद म्हणून परत मिळालेली हळदीची पुडी मी फोडली. सायीत कालवली. देवीचं नाव घेतलं.

मृणालने विचारलं, “आई, घरातलंच आहे ना?”

“घरातलं काय, देवीचं आहे!” मी म्हटलं. ताठ मानेने.

पाचच मिनिटांत ती म्हणाली, “आई, चरचरतंय गं.”

आणि मी काय म्हणाले? “गुण येतोय बाळा. जरा दम धर.”

तिने दम धरला! माझ्या शब्दाखातर आणखी दहा मिनिटं धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. गाल लालभडक, सोलल्यासारखे. दवाखान्यात जाताना रिक्षात तिने ओढणीने तोंड गुंडाळून घेतलं.

डॉक्टरांनी विचारलं, “काय लावलंत?” मी पिशवीतून पुडी काढून दिली. त्यांनी ती उलटी केली, घडी उलगडली आणि माझ्यासमोर धरली. घडीखाली बारीक अक्षरं होती. ‘केवळ पूजेसाठी. खाऊ नये. अंगास लावू नये.’

“काकू, यात रंग असतो,” ते हळूच म्हणाले. “आणखीही काय काय असू शकतं. ही देवापुढे ठेवायची. आता हे मलम आणि नुसतं पाणी, तिसरं काही नाही. दोन आठवडे तरी लागतील. मध्ये पुन्हा काही लागलं, तर मात्र लग्नापर्यंत बरं होईल असं मी सांगू शकत नाही.”

रोज सकाळी पोथीची पानं उलटणारी मी. पुडी मात्र उलटली नव्हती.

बाहेर आल्यावर मृणाल ओढणीआडून बोलली. “दिवसभर मी खोक्यांवरची लेबलं वाचते, आई. तुझ्या हातातलं कधी वाचायचं असतं, असं वाटलंच नाही मला.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळचीच बस पकडून मी वज्रेश्वरीला गेले.

*

सूज गेली, लाली उतरली. पण कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती. त्याहून वाईट म्हणजे मी तिच्या गालावरची बट सारायला हात नेला, तरी ती मान मागे घ्यायची. मुद्दाम नाही, आपोआप. लग्न जवळ येत होतं आणि मी रोज देवीला विचारत होते, चेहरा देशील गं, पण ही मान मागे घ्यायची कधी थांबेल?

मग हळदीचा दिवस आला.

आमच्याकडे नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला लावतात. ती घेऊन विहीणबाई स्वतः शहापूरहून आल्या. चांदीचं ताट, वर जरीचा रुमाल. मांडवात बेंजो वाजतोय, मृणाल पाटावर बसलीय, पाच सवाष्णी आंब्याची पानं घेऊन उभ्या. पहिलं पान हळदीत बुडलं आणि गालाकडे निघालं. मृणालने पानाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

“थांबा!” मी ओरडलेच. बेंजो बंद पडला.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. “काय झालं? आमच्या हळदीत काही कमी आहे का?”

मागून हे पुटपुटले, “सुमन, आत्ता नको गं!”

“हळदीत काही कमी नाही, विहीणबाई. माझा नवस आहे. पायांना लावा, हातांना लावा. तोंडाला मात्र आधी माझ्या हाताला लावून, मगच. उद्या सकाळी.”

“उद्या लग्न आहे!”

“म्हणूनच उद्या सकाळी.”

विहीणबाईंची धाकटी बहीण कडाडली. “उष्टी हळद कुणी थांबवतं का? अपशकुन!”

तेवढ्यात नंदावहिनीला काय सुचलं कोण जाणे! “अहो, नवऱ्या मुलाच्या तोंडाला सकाळीच लागलीय ना? त्यालाच व्हिडिओ कॉल लावा. बघू कसा दिसतोय!”

फोन लागला. स्क्रीनवर नुसता एक पिवळा गोळा आणि त्यात दोन डोळे! मृणाल पुढे वाकून म्हणाली, “अहो, आधी तोंड धुऊन या. मग बोला!”

सगळा मांडव हसला. अठरा दिवसांनी मृणालही हसली. जावई तोंड धुऊन आले. स्वच्छ गोरेपान, एक ठिपका नाही.

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. “झालं समाधान?”

हो म्हणणं किती सोपं होतं! सगळ्यांना तेच हवं होतं, यांनाही. मी मृणालकडे बघितलं. हसू मावळलं होतं आणि मान पुन्हा मागे गेली होती.

मी पाटाशेजारी बसले, बांगड्या वर सारल्या आणि हात पुढे केला. “त्यांची कातडी त्यांची, हिची हिची. आधी माझ्या हाताला लावा.”

विहीणबाईंनी ताट खाली ठेवलं. मला वाटलं, आता या वळतात आणि गाडीत बसतात. पण त्यांनी आपल्या हातातल्या बांगड्या एकेक करून वर सारल्या, माझ्या शेजारी मांडी घातली आणि कोपर उलटं केलं.

“मलाही लावा,” त्या म्हणाल्या. “माझ्या हळदीत तोंड चरचरत होतं, तरी कुणी थांबलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलच्या दारातच आम्ही समोरासमोर आलो. दोघी भरजरी शालूत. नमस्कार नाही, गळाभेट नाही. दोघींनी आधी बांगड्या सारल्या आणि कोपरं पुढे केली! वेण्यांची टोपली घेऊन आलेली पारूमावशी दारातच थबकली. “गो बायो! इहीणी आल्या आल्या हात दाखवून भांडतान!”

विहीणबाईंचं कोपर स्वच्छ. माझंही स्वच्छ.

आत मृणाल पाटावर बसली होती. पाच सवाष्णी पानं घेऊन तयार होत्या. तिने त्यांना हातानेच थांबवलं, डोळे मिटले आणि तोंड पुढे केलं. माझ्याकडे.

तुमच्याही घरी कधीतरी असं ताट येईल, नाहीतर एखादी हिरवी डबी, नाहीतर प्रसादाची पुडी. तेव्हा माझ्यासाठी एवढं करा. ती उलटून बघा, बांगड्या वर सारा, आधी स्वतःचा हात पुढे करा. आणि लेकीला म्हणा, “थांब गं. उद्या.”