सुचित्रासाठी पालक पनीर

सुचित्रा गप्प बसलेली दोहामधल्या अल गराफ्यात कुणी पाहिली नव्हती. मूळची नाशिकची, इथल्या शाळेत गणित शिकवायची. शुक्रवारी स्वयंपाक करता करता फोनवर बहिणीला आठवडाभराचं सगळं सांगायची. तिचा नवरा अवधूत गॅस कंपनीत इंजिनिअर. त्याला चहापलीकडे काही करता येत नव्हतं.

फेब्रुवारीत तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता, ‘यल्ला’, म्हणजे अरबीत ‘चल लवकर’. लेकीला, नुपूरला, स्कूल बससाठी घाई करताना ती तो रोज म्हणायची. आता पाणी हवं असलं तरी यल्ला, कूस बदलायची असली तरी यल्ला. बोललेलं सगळं तिला समजायचं. तिला स्वतःला मात्र काही सांगता यायचं नाही.

शेजारच्या फरजानाभाभी रत्नागिरीच्या. त्यांनी बरेच दिवस डबा पाठवला, पण सुचित्रा दोन घास खाऊन ताट सरकवायची. एका शुक्रवारी अवधूतने तिच्या आवडीचं पालक पनीर करायचं ठरवलं. जुड्या निवडल्या, तिची व्हीलचेअर स्वयंपाकघराच्या दारात आणून लावली. उकळत्या पाण्यात पालक टाकला, वर झाकण ठेवलं आणि कांदा चिरायला घेतला.

“यल्ला,” सुचित्रा म्हणाली.

“हो, करतोय.”

“यल्ला, यल्ला.” डाव्या हाताने ती खुर्चीच्या दांडीवर थापा मारू लागली.

तो आणखी घाईने चिरू लागला. तिचा आवाज चढला, तसा त्याचाही. “काय म्हणतेस ते कळत नाहीये मला. काय करू मी?”

ती एकदम थांबली. डोळे भरून आले.

आवाज ऐकून नुपूर खोलीतून आली. आई कुठे बघतेय ते तिने पाहिलं. “बाबा, शी वॉन्ट्स द लिड ऑफ.”

अवधूतने झाकण काढलं. पालक काळपट पडला होता. गॅस बंद करून तो सुचित्रासमोर खालीच बसला. “चुकलं माझं,” म्हणाला. तिने डाव्या हाताने त्याचा घामेजलेला चेहरा पुसला.

ते काळपट पालक पनीर तिघांनी खाल्लं. सुचित्राने त्या दिवशी ताट सरकवलं नाही.

मग दर शुक्रवारी तो करत राहिला. झाकण न ठेवता पालक जरासा उकळायचा, लगेच गार पाण्यात टाकायचा, मिरचीबरोबर वाटायचा. फोडणी झाली की “मीठ एवढं पुरे?” असं विचारत चमचा तिच्यासमोर धरायचा. पुरे असलं की ती हात वर करायची. रंग हिरवागार यायला लागला. तिचं बोलणं मात्र परत आलं नाही. वाचा परत यावी म्हणून थेरपिस्ट बाईंनी खूप प्रयत्न केले, मग त्याही आशा दाखवेनाशा झाल्या.

पुढच्या वर्षी दुसरा झटका आला आणि जूनमध्ये सुचित्रा गेली. त्याआधीचे काही आठवडे तिला चावता येत नव्हतं. तेव्हा अवधूत पनीर घालायचा नाही. नुसता पालक वाटून गाळून घ्यायचा आणि चमच्याने भरवायचा. अर्धा ओठांवरून ओघळायचा. तो पुसून घ्यायचा, ती गिळेपर्यंत थांबायचा आणि पुन्हा चमचा भरायचा.