सुईणीचा फोटो

वाशिमच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्या संशोधन केंद्राला मान्यता मिळाली त्या वर्षी प्राचार्यांनी एक नवं काम माझ्या गळ्यात घातलं. इथल्या प्राध्यापकांचे प्रबंध आणि शोधनिबंध इंटरनेटवर चढवायचे, कोणालाही कुठूनही फुकट वाचता येतील असे. खरं सांगायचं तर मला ते काम मनापासून आवडलं होतं. लोकांच्या पैशावर झालेलं संशोधन पदवी मिळाली की कपाटात जायचं आणि कपाटाची किल्ली शिपायाकडे असायची. ते आता मेडशीसारख्या खेड्यातल्या पोराला फोनवर वाचता येणार होतं. मी भाषणंसुद्धा केली. "ज्ञानाला कुलूप नको," असं काहीतरी म्हणायचे मी, आणि लोक टाळ्या वाजवायचे.

पहिल्याच खेपेला जे प्रबंध चढवले, त्यात माझ्या मैत्रिणीचा होता. ती समाजशास्त्राची विभागप्रमुख. आम्ही दोघी एकाच वर्षी रुजू झालो, रोज दुपारचा चहा सोबत घ्यायचो. जिल्ह्यातल्या खेड्यांमधली बाळंतपणं, असा तिचा विषय. तिचा प्रबंध सगळ्यांत जास्त वाचला जातो म्हणून तिनं मला पेढे दिले होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एक बाई ग्रंथालयात आली. नर्सचा पांढरा गणवेश, खांद्याला पर्स. कामरगावकडच्या उपकेंद्रावर नोकरी करते म्हणाली, माहेर मेडशीचं. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"मॅडम, इंटरनेटवर पुस्तकं टाकतात त्या तुमीच का?"

"हो."

"मंग माह्या मायचा फोटो तुमी टाकला."

तिनं फोन पुढे केला. लुगड्याचा पदर डोक्यावर घेतलेली, दारात बसलेली एक म्हातारी. खाली तिचं नाव, गाव, आणि एक ओळ: निरक्षर सुईणीच्या अज्ञानामुळे झालेल्या मातामृत्यूचं उदाहरण.

नर्सेसचं प्रशिक्षण होतं, ती सांगू लागली. शिकवणाऱ्या डॉक्टरांनी पडद्यावर तो फोटो दाखवला. सुईणी काय करत होत्या ते पाहा, म्हणाले. सगळ्या पाहत होत्या, काही हसल्या. ही तिसऱ्या रांगेत बसली होती. आपली माय आहे हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

"सांगाले पायजे होतं," ती म्हणाली. "पन तोंडातून शब्दच नाई निंगाला."

मग तिनं मला ती गोष्ट सांगितली. मेडशीत एका रात्री एक बाई अडली. मायनं पाहिल्याबरोबर सांगितलं, हे माझ्या हातचं नाही, दवाखान्यात न्या. जीप सांगितली. जीपवाला येतो येतो म्हणत राहिला आणि आलाच नाही. बाई गेली, पोटातलं लेकरूही गेलं. त्यानंतर मायनं बाळंतपण करणं सोडून दिलं.

"हे लिवनारी तुमची बाई घरी आली तवा मायनं रडत रडत समदं सांगतलं. मी तिथंच होती, म्याच चहा केला. बाईनं समदं लिहून घेतलं. यात सुईण हाय, अज्ञान हाय. मंग जीप कुठी गेली?"

मी त्याच दुपारी मैत्रिणीकडे गेले. वाटलं होतं, ती हादरेल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"संमतीपत्र आहे माझ्याकडे. अंगठा घेतलाय," ती म्हणाली.

"जीपचं तुला आठवतं का?"

"आठवतं ना. आधी लिहिलंही होतं. गाईड म्हणाले, जीप घातली की विषय रस्त्यावर जातो, तुझा निष्कर्ष ढिला पडतो. म्हणून काढलं."

"आता घाल. निदान नाव आणि फोटो तरी काढू."

"परीक्षकांनी मान्य केलेला प्रबंध आहे तो. आज एक ओळ बदलली की उद्या कोणीही उठेल. आणि हे बघ, मी काही तो नेटवर टाकला नव्हता. इतकी वर्षं कपाटात होता तेव्हा कोणाला त्रास झाला?"

ती चहा ओतत होती. मी न घेता उठले.

प्राचार्यांना अर्ज दिला: नाव आणि फोटो झाकावा, आणि मुलीचं म्हणणं प्रबंधासोबत जोडावं. बैठक झाली. बाहेरची मूल्यांकन समिती येणार होती आणि नेटवरचे प्रबंध मोजणार होती, त्यामुळे प्रबंध काढायचा नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं. म्हणणं जोडायचं तर नर्सबाईंची शैक्षणिक पात्रता काय, असं एकानं विचारलं. शेवटी संगणक विभागाच्या सरांनी तोड काढली. प्रबंध आहे तिथंच ठेवायचा, फक्त बाहेरच्यांना तो उघडणार नाही. महाविद्यालयाचा पासवर्ड असेल त्यालाच दिसेल. सगळ्यांना हायसं वाटलं. माझा विरोध इतिवृत्तात घ्या म्हटलं, तर प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमचंच तर काम झालं."

आठवड्याभरात तिचा फोन आला. "मॅडम, आता उघडत नाई ते. तुमचे लय उपकार झाले. मायले सांगतलं म्या, मॅडमनं काढून टाकलं."

हो म्हणून फोन ठेवला असता तर तिचं, तिच्या मायचं आणि माझंही बरं झालं असतं. मी खरं सांगितलं.

"म्हंजे हाय अजून?"

"आहे. तुम्हाला दिसत नाही, एवढंच."

ती म्हणाली, "आमालेच नाई दिसत का? आमच्याबद्दलच हाय नं ते?"

पुढच्या सोमवारी ती मायला घेऊन आली. म्हातारी वाकली होती, पण चालत जिना चढली. मी माझ्या पासवर्डनं प्रबंध उघडून दिला आणि मुलीनं तिला ते पान वाचून दाखवलं. म्हातारीनं पडद्यावरचा स्वतःचा फोटो पाहिला, मग माझ्याकडे.

"ते बाई अथीच राह्यते का? मले भेटाचं हाय तिले. भांडाले नाई आली मी."

मी विभागात गेले. मैत्रीण आत होती. म्हणाली, तास आहे, बसायला सांग. त्या बसल्या. तास संपला, दुसरा सुरू झाला. मी पुन्हा गेले तर केबिनला कुलूप होतं. मागच्या जिन्यानं ती गेली होती, शिपायानं सांगितलं.

मी परत येऊन सांगितलं. म्हातारीनं पदर सारखा केला.

"कायले पयते ते?" ती लेकीला म्हणाली. "मी पयाली होती का त्या रात्री? चाल, मेडशीवरून जानारी अकोल्याची गाडी भेटन."

स्टँडपर्यंत मी सोबत गेले. गाडीत बसल्यावर मुलीनं खिडकीतून हात केला, म्हातारीनं केला नाही.

समिती आली, गेली. खुल्या संशोधनासाठी महाविद्यालयाची अहवालात स्तुती झाली आणि सत्कारात मला शाल मिळाली. दुसऱ्या दिवशी मी ते काम सोडत असल्याचं लिहून दिलं. आता ते संगणक विभागाचे सर पाहतात, मी पुस्तकं देते-घेते. प्रबंध अजून तिथंच आहे. नवे विद्यार्थी पासवर्ड टाकून तो उघडतात आणि आपल्या प्रबंधात त्याचा संदर्भ देतात.