नकार कळवणारा एजंट

आधीच सांगून टाकते. भूत, आत्मा, संकेत वगैरे प्रकरणांवर माझा काडीचाही विश्वास नाही. या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि बहुतेक वेळा शेवटी "बरं, मग?" एवढंच म्हणते. तेव्हा माझं वाचून तुम्हीही तसंच म्हणालात तर मला अजिबात राग येणार नाही. फक्त एवढंच की, हे आठवलं की मला भीती वाटत नाही... किळस येते. अजूनही येते.

मी कोथरूडला राहते. क्लायंटला नक्की काय हवंय हे त्याच्या तोंडून काढून घ्यायचं, हे माझं एका सॉफ्टवेअर कंपनीतलं काम. बरीच वर्षं तेच केलं. हल्ली घरूनच छोट्या व्यावसायिकांना एआयचे एजंट बनवून देते. म्हणजे एक मुख्य असिस्टंट आणि त्याच्या हाताखाली छोटे-छोटे एजंट. प्रत्येकाला एकच काम. एक चौकशीला उत्तर देणार, एक आठवण करून देणार, असं. ते बनवायची गंमत म्हणजे टूलच आपली मुलाखत घेतं. एकेक प्रश्न विचारतं — या एजंटने काय करायचं, काय करायचं नाही, एखादं उदाहरण द्या — आणि आपल्या उत्तरांवरून एजंट तयार करतं. म्हणजे ज्या कामासाठी मला पगार मिळायचा तेच काम आता ते करतं, आणि मी शेजारी बसून टायपिंग करते. प्रगती म्हणतात ती हीच.

तर, आमच्या भागातलं एक जुनं वधू-वर सूचक केंद्र. नाव देत नाही. बाकीची नावंही बदलली आहेत. किराणा दुकानाच्या वर पहिल्या मजल्यावर एक खोली. ज्यांनी ते चालवलं त्यांना सगळे काकू म्हणायचे. काकू गेल्या, आणि मुलगा श्रीरंग गादीवर बसला. पन्नाशीचा माणूस. पांढरा झब्बा, बोलणं लोण्यासारखं. मला "ताई" म्हणतो.

माझा या केंद्राशी आणखी एक संबंध होता. माझ्या बहिणीची मुलगी गौरी अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आली, ती माझ्याकडेच राहते. वडील लहानपणीच गेले. "तू बघशील ते," असं म्हणून बहिणीने तिच्या लग्नाचं सगळं माझ्यावर टाकलेलं. श्रीरंगरावांनी एक स्थळ आणलं आणि ते जवळजवळ पक्कं झालं होतं. मुलगा इंजिनियर, पेठेत स्वतःचं घर, आई एकदम सोज्वळ. बघायच्या कार्यक्रमाला श्रीरंगराव स्वतः त्यांच्याबरोबर आले होते. पोहे दोनदा मागून घेतले, वर "ताई, हाताला चव आहे हो तुमच्या," असंही म्हणाले. साखरपुड्यासाठी हॉल बघायला आम्ही सुरुवात केली होती.

एका शनिवारी दुपारी मी त्यांचे एजंट बनवायला केंद्रात गेले. भिंतीवर काकूंचा फोटो, त्याला चंदनाचा हार. टेबलावर चकल्यांचा डबा उघडा. साधे एजंट झटपट झाले. मग श्रीरंगराव खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आता खरा महत्त्वाचा. नकार कळवणारा."

"म्हणजे?"

"अहो, नकार आला की तो समोरच्याला सांगायचा असतो ना! फार वाईट काम. आईच करायची. तर हा एजंट आईच्या भाषेत बोलला पाहिजे. नाव पण काकूच ठेवा. लोकांना वाटलं पाहिजे, काकूच बोलतायत."

"अहो श्रीरंगराव, काकूंचं वर्षश्राद्धसुद्धा नाही झालं अजून."

"म्हणूनच तर! लोक विसरायच्या आत."

चकलीचा तुकडा तोंडात, आणि त्याच बोटांनी त्यांनी माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं — इथे लिहा. तेलाचा ठसा उमटला. मी रुमालाने पुसला आणि कामाला लागले. ही माझी सवय. क्लायंट कसाही असो, आधी प्रश्न संपवायचे.

टूलने विचारलं: नकार कोणत्या शब्दांत कळवायचा?

"पत्रिका जुळत नाही," श्रीरंगराव म्हणाले. "बस्. आईने आयुष्यभर हेच एक वाक्य वापरलं. ग्रहांवर ढकललं की कुणाचं मन दुखत नाही."

'उत्तम! अगदी स्पष्ट उत्तर,' टूलने लिहिलं. हे टूल प्रत्येक उत्तराला उत्तम म्हणतं. आणि पुढचा प्रश्न: कोणती खरी कारणं समोरच्याला कळू द्यायची नाहीत? काही उदाहरणं द्याल का?

मग श्रीरंगराव जे सुटले! मुलगी सावळी आहे. हसताना हिरड्या दिसतात. पगार मुलापेक्षा जास्त आहे. मोठ्या बहिणीचा घटस्फोट झालाय. वडील नाहीत, म्हणजे लग्नात मानपान कोण बघणार. प्रत्येक कारण सांगताना खुसखुसून हसत होते, आणि मधेच "गौरीचं सोडा हं, तिचं आपण जुळवलंच!" असंही म्हणून झालं. मी टाइप करत होते आणि प्रत्येक ओळीखाली टूल म्हणत होतं, 'उत्तम! हे फार उपयुक्त आहे.' आपल्या घराघरांतून चहा-पोहे खाऊन बाहेर पडलेली माणसं जिना उतरताना काय बोलतात, ते सगळं मी स्वतःच्या हाताने नीट ओळीत मांडत होते. आणि वर त्याला एका मेलेल्या बाईचा आवाज चढवायचा!

पुढचा प्रश्न आला. या वेळी 'उत्तम' नव्हतं. नुसती एक ओळ:

आणि खडा असला तर?

मला वाटलं काहीतरी टायपिंगची चूक. "श्रीरंगराव, खडा म्हणजे काय हो? तुमच्या धंद्यातला शब्द आहे का?"

मी मान वर केली. माणसाच्या तोंडावरचा रंगच उडाला होता. चकली धरलेला हात तसाच मधे थांबलेला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मी कशाला लिहू? तुमच्यासमोरच तर बसलेय."

"कुणी सांगितला तुम्हाला हा शब्द?"

"मला कुणीच काही सांगितलेलं नाही. म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

"सोडा तो प्रश्न. पुढे चला, पुढे चला."

मी लिहिलं: लागू नाही.

टूलने लिहिलं: लागू आहे.

बघा, यंत्राने उलट उत्तर द्यावं याचं मला विशेष वाटत नाही. हल्ली काहीही करतात. पण तो सूर वेगळा होता. आत्तापर्यंत गुळगुळीत बोलणारं ते टूल एकदम दोन शब्दांवर आलं. तसं बोलणाऱ्या बायका मी पुण्यात बक्कळ पाहिल्यात, पण त्या स्क्रीनमधून बोलत नाहीत.

"टेस्ट घ्या आणि संपवा," श्रीरंगराव म्हणाले. आवाज घोगरा झालेला.

टेस्ट म्हणजे आपण खोटं गिऱ्हाईक व्हायचं. मी टेस्टमध्ये कुणाचंही खरं नाव कधी वापरत नाही, हा आमच्या कामातला साधा नियम. मी लिहिलं: नमस्कार काकू, कु. अबकच्या स्थळाचं काय झालं?

उत्तर लगेच आलं. जसंच्या तसं देते.

गौरीची पत्रिका छान जुळते. पण भातात खडा आहे. दाताखाली यायच्या आत ताट बाजूला सारा.

मी ते दुसऱ्यांदा वाचेपर्यंत श्रीरंगरावांनी पुढे होऊन लॅपटॉप धाडकन बंद केला. खालून दुकानातल्या वजनकाट्याचा आवाज तेवढा येत होता. माझ्या अंगावर काटा आला होता हे कबूल करते. पण त्याहून जास्त राग होता.

"श्रीरंगराव, खडा म्हणजे काय?"

बरेच आढेवेढे झाले. शेवटी फोटोकडे पाठ करून त्यांनी सांगितलं. एखाद्या स्थळात काही लपवलेलं आहे असं कळलं, की काकू त्यांना एवढंच म्हणायच्या — खडा आहे. शब्द फक्त त्या दोघांतला. काकू ते स्थळ काढून टाकायच्या, कारण विचारायची सोय नसे.

"आणि गौरीच्या स्थळात कसला खडा आहे?"

"अहो, जुनं आहे ताई ते..."

या मुलाचं आधी लग्न झालं होतं. दुसऱ्या गावी, मोजक्या लोकांत. मुलगी काही महिन्यांत माहेरी परतली. मारलं होतं त्याने तिला. एका कानाने तिला आता नीट ऐकू येत नाही. तो परत लग्नाला उभा आहे हे कळताच तिची आई काकूंकडे येऊन रडून गेली. काकूंनी त्याच दिवशी ते स्थळ काढलं. काकू गेल्यावर यांनी ते परत लावलं.

"का?" मी विचारलं.

"आता शांत झालाय हो तो. मेडिटेशन करतो. आणि एवढं चांगलं स्थळ नुसतं पडून होतं... हल्ली चांगली मुलं मिळतात कुठे? शिवाय तुमच्याकडे वडील नाहीत, म्हटलं फार चौकशी करणारं कुणी..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. पण मला कळलं. गौरीला वडील नाहीत ही त्या यादीतली खोट, आणि याच माणसाने तीच सोय म्हणून बघितली होती. हा माणूस माझ्या घरी बसून, मला यातलं काहीच ठाऊक नाही हे पक्कं माहीत असताना, पोहे मागून खाऊन गेला. त्या क्षणी मला त्याची, त्या चकल्यांची, लॅपटॉपवरच्या त्या तेलकट ठशाची इतकी शिसारी आली की मी बॅग उचलली आणि एक शब्दही न बोलता जिना उतरले. घरी येऊन लॅपटॉप स्पिरिटने पुसला. तरी वास येतोय असंच वाटत राहिलं.

गौरीला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, मी त्याले विचारते. मशीनच्या अन् त्या श्रीरंगरावाच्या भरवशावर कोनाले दोष कायले द्यायचा?" शहाणी आहे पोर. माझ्यासमोरच तिने फोन लावला आणि सरळ विचारलं, "तुझं आधी लग्न झालं होतं का?"

तिकडून उत्तर आलं, "तुला कुणी सांगितलं?"

गौरीने फोन ठेवला. "झालं," म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तिचं रडणं बाहेर ऐकू येत होतं, आणि मी दाराशी उभी राहून स्वतःला आणि सगळ्या जगाला शिव्या घालत होते.

आता तुमच्या मनातले प्रश्न. मी माझ्या जुन्या ऑफिसातल्या एका मित्राला सगळं उघडून दाखवलं. गौरीने एकदा माझ्या अकाउंटवरून तिचा बायोडेटा नीट करून घेतला होता, त्यामुळे तिचं नाव कुठूनतरी आलं असेल, असं त्याचं म्हणणं. मान्य. पण खडा? केंद्राची एकही फाइल मी त्यात टाकलेली नव्हती. "कोइन्सिडन्स," तो म्हणाला, आणि मग स्वतःच म्हणाला, "नाही, हे जरा जास्तच होतंय." नंतर मी तो एजंट परत चालवून पाहिला. 'पत्रिका जुळत नाही, योग नव्हता,' असं गोड बोलतो. खडा म्हणजे काय विचारलं तर म्हणतो, क्षमस्व, आपला प्रश्न मला समजला नाही. मी तो काढून टाकला.

एक सांगायचं राहिलंच. त्या संध्याकाळी मुलाच्या आईला फोन करून नकार कळवायचं काम माझ्यावर आलं. फोन लावला, त्या सोज्वळ आवाजात म्हणाल्या, "अहो, काय झालं एवढं? कारण तरी कळू द्या." आणि खरं सांगते, माझ्या तोंडात आपोआप आलं होतं — पत्रिका जुळत नाही. सवय असते आपल्या जिभेला. मी ते गिळलं आणि म्हटलं, "भातात खडा आहे. दाताखाली यायच्या आत आम्ही ताट बाजूला सारतोय."



मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे... हे वाक्य तुम्हाला कुणी सांगितलं? आमचं स्थळ काढलं तेव्हा केंद्रातल्या काकू मला फोनवर हेच म्हणाल्या होत्या. अगदी याच शब्दांत. तेव्हा घरात मी एकटीच होते. मी हे कुणालाच सांगितलेलं नाही, मुलालासुद्धा नाही."

श्रीरंगरावांना मी नंतर फक्त तेवढ्यासाठी मेसेज केला. खडा हा शब्द त्यांना माहीत होता. ताटाचं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी ऐकलेलं नव्हतं. मग ते त्या स्क्रीनवर कुठून आलं? मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, मी खरंच वाचेन.

आणि हो, फोन ठेवायच्या आधी त्या बाई सावरल्या होत्या. आवाज परत पहिल्यासारखा, साखर पेरलेला. म्हणाल्या, "बरं, झालं ते झालं. पण तुम्ही पुढे कुणाला सांगणार नाही ना? त्याच्यासाठी दुसरीकडे बोलणी चाललीयेत."

मी फोन ठेवला. उत्तर इथे देते आहे.